कामकरी माश्यांवरून सातेरीच्या पेटीची तब्येत कशी ओळखावी

नवा मधपाळ पेटी उघडली रे उघडली की राणी शोधू लागतो. सगळ्या फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या लाकडी चौकटी, वरखाली होतात, पंधरा-वीस मिनिटे पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष) उघडा पडतो, माश्या सैरावैरा धावतात आणि शेवटी राणी दिसली की समाधानाने झाकण लागते. पण राणी दिसली म्हणजे राणी आहे, एवढेच कळले. तिला पोटभर मिळते का, महिनाभराने पेटीत किती माश्या असतील, फुलोरा आला तर मध येईल की नाही, हे ती सांगत नाही. ते कामकरी माश्या सांगतात. राणी किती अंडी घालणार हेसुद्धा तिला भरवणाऱ्या कामकरी माश्यांवरच बरेचसे ठरते. म्हणून आधी कामकरी पाहाव्यात. राणी बहुतेक वेळा शोधावीही लागत नाही.

खालची सगळी माहिती सातेरी मधमाशीची, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या आपल्या देशी माशीची आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, महाबळेश्वर-जावळीच्या रानात आणि कोकणात पेट्यांमध्ये प्रामुख्याने हीच माशी असते. मेलिफेरा (बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी) पाळणाऱ्यांना यातले बरेच उपयोगी पडेल, पण काही ठिकाणी दोघींची रीत अगदी उलट आहे. तसे जिथे आहे तिथे सांगितले आहे.

वय तसे काम

कामकरी माशी जन्मभर एकच काम करत नाही. वय वाढेल तसे तिच्या अंगातल्या ग्रंथी बदलतात आणि त्याप्रमाणे काम बदलते. कोषातून नुकती निघालेली माशी फिकट राखाडी, लवदार आणि मऊ असते. तिला उडता येत नाही, धड डंखही मारता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस ती रिकामी घरे चाटून साफ करते आणि पिलाव्यावर बसून ऊब देते. पुढचे दोन-तीन दिवस मोठ्या अळ्यांना मध आणि पराग भरवते. साधारण सहाव्या दिवसापासून तिच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा रस येऊ लागतो. ही झाली दाई माशी. लहान अळ्या आणि राणी या रसावरच जगतात. बाराव्या दिवसाच्या आसपास हा रस आटतो आणि पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून मेण येऊ लागते. मग पोळे बांधणे, बाहेरून आलेला मकरंद तोंडोतोंड घेऊन तो आटवणे, परागाचे गोळे डोक्याने ठेचून घरात बसवणे ही कामे तिच्याकडे येतात. अठराव्या-विसाव्या दिवशी काही माश्या दारावर पहाऱ्याला उभ्या राहतात. तीन आठवड्यांनंतर बाहेरची चराई सुरू होते, ती मरेपर्यंत. चराईचे दिवस दोन-तीन आठवडेच. पंख फाटतात, अंगावरची लव झडते आणि माशी काळी, चकचकीत दिसू लागते.

हे दिवस दगडावरची रेघ नव्हेत. चरणाऱ्या माश्या फवारणीने मेल्या तर आठ-दहा दिवसांच्या माश्याही बाहेर पडतात. पण वेळेआधी बाहेर पडलेली माशी लवकर मरते आणि तिने सोडलेले दाईचे काम मागे कोणी करत नाही. त्यामुळे एका फवारणीचा घाव पेटीला दोनदा बसतो, आज चराईला आणि मागाहून पिलाव्याला. मधपाळ बहुतेकदा पहिलाच मोजतो.

चाळीस दिवसांचा हिशोब

सातेरीचे अंडे तीन दिवस, अळी सुमारे पाच दिवस आणि झाकलेला कोष सुमारे अकरा दिवस, असे एकोणीस-वीस दिवस धरा. त्यावर घरकामाचे तीन आठवडे. म्हणजे आज घातलेले अंडे चराईला जाईल ते साधारण चाळीस दिवसांनी. पेटीबाबतचा कोणताही निर्णय घेताना हा आकडा डोक्यात हवा.

उदाहरण म्हणून जांभूळ घ्या. तुमच्या भागात जांभूळ १० मार्चला मकरंद देऊ लागत असेल, तर पहिल्या दिवशी चरायला जाणारी माशी २९ जानेवारीच्या आत अंड्यात हवी. फुलोरा तीन आठवडे चालला तर त्याला उपयोगी पडणारी शेवटची अंडी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घातली जातात. त्यानंतरच्या अंड्यांतून निघालेल्या माश्या जांभळाचा मध आणणार नाहीत, खातील मात्र नक्की. फुलोरा दिसल्यावर पाक देऊन पेटी ‘वाढवणारे’ इथेच चुकतात. त्यांची पेटी मे महिन्यात माश्यांनी भरते आणि तेव्हा रानात काही नसते.

म्हणून वाढीचा पाक जानेवारीच्या मध्यापासून सुरू करा. पाणी उकळून विस्तवावरून उतरवा आणि मग साखर घाला, म्हणजे साखर करपत नाही. प्रमाण एक किलो साखरेला एक लिटर पाणी. पूर्ण गार झाल्यावर दर तिसऱ्या संध्याकाळी पाव लिटर, पेटीच्या आत, पसरट भांड्यात द्या. माश्या बुडू नयेत म्हणून पाकावर सुकी काटकी किंवा गवत टाका. एक थेंबही बाहेर सांडू देऊ नका, शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. आणि पराग येत नसेल तर नुसता पाक देऊन पिलावा वाढत नाही. दाई माशीचा रस परागातून तयार होतो, साखरेतून नाही. दारातून परागाच्या माश्या येताना दिसल्या तरच हा पाक कामाचा.

मधकोठी, म्हणजे मध साठवण्यासाठी वर ठेवायचा कप्पा, चढवण्याआधी आठ-दहा दिवस पाक पूर्ण बंद करा. मधकोठी वर असताना पाक दिला तर माश्या तो वर नेऊन साठवतात आणि त्याला मध म्हणता येत नाही. यात सवलत नाही.

दारासमोरची दहा मिनिटे

झाकणाला हात लावण्याआधी दहा मिनिटे पेटीच्या बाजूला बसा. समोर बसू नका, माश्यांची वाट अडते. ऊन चांगले असावे, वारा नसावा, वेळ सकाळी नऊ ते अकरा.

सर्वांत आधी पराग. पाच मिनिटांत पायांवर परागाचे गोळे घेऊन किती माश्या आत गेल्या ते मोजा. यासाठी ठरलेला आकडा नाही, फुलोऱ्याप्रमाणे तो बदलतो. म्हणून आपल्याच चार पेट्यांची एकमेकींशी तुलना करा. तिघींत पन्नास-साठ आणि चौथीत पाच असतील तर चौथीत एक तर राणी नाही, किंवा अळ्या फारच थोड्या आहेत. भुकेल्या अळ्यांचा वास परागाच्या माश्यांना बाहेर पिटाळतो. अळ्याच नसतील तर पराग कशाला?

मग वारा घालणाऱ्या माश्या पाहा. उन्हाळ्यात दाराशी रांगेने उभ्या राहून त्या पंख फडफडवतात. सातेरीचे डोके त्या वेळी बाहेर आणि पोट दाराकडे असते. ती बाहेरची हवा आत लोटते. मेलिफेरा नेमकी उलटी उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. मेलिफेरावर शिकलेल्या माणसाला सातेरी पहिल्यांदा पाहून काहीतरी बिघडल्यासारखे वाटते, पण बिघडलेले काही नसते. पिलावा ३४-३५ अंशांवर ठेवणे हे कामकरी माश्यांचे रोजचे कष्टाचे काम आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी दारावर माश्यांची दाढी लोंबत असेल तर पेटी सावलीत घ्या आणि वीस-पंचवीस पावलांवर पसरट भांड्यात दगड घालून पाणी ठेवा. त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वाळवून गारवा करतात. सावली आणि पाणी देऊनही, सकाळच्या गारव्यातसुद्धा दाढी लोंबत राहिली तर मात्र ते उकाड्याचे नाही. पेटी फुटायच्या, म्हणजे निम्म्या माश्या राणीसह उडून जायच्या, तयारीत आहे. आत राणीची घरे (नवी राणी वाढवायची मोठी घरे) शोधा.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास पेटीसमोर अचानक शे-दोनशे माश्या घोंघावू लागतात. नवखे घाबरतात, लुटालूट समजून दार बंद करतात. नीट पाहा. माश्यांची तोंडे पेटीकडे असतील, त्या आधी लहान आणि मग मोठे अर्धवर्तुळ घेत मागे सरकत असतील, भांडण नसेल, तर त्या नव्या माश्या आहेत. घर ओळखून घेत आहेत. अर्ध्या तासात सगळे शांत होते. हे दृश्य दिसले की तीन आठवडे ते चाळीस दिवसांपूर्वी राणीचे काम चांगले चालले होते असे समजा. लुटालुटीत माश्या झोकांड्या घेत येतात, दाराऐवजी फटी-कोपरे हुंगतात, दाराशी झोंबाझोंबी होऊन दोघी-दोघी गुंतून खाली पडतात आणि बाहेर निघणाऱ्या माशीचे पोट फुगलेले असते. तसे असेल तर दार एका वेळी एक-दोन माश्या जातील एवढे बारीक करा, फटी चिखलाने बुजवा आणि त्या दिवशी एकही पेटी उघडू नका.

पहारेकऱ्यांची परीक्षा गांधीलमाशी घेते, विशेषतः पावसाळ्यानंतर. गांधीलमाशी दाराजवळ आली की तब्येतीत असलेल्या सातेरीच्या माश्या एकत्र पोट हलवतात. लाट सरकावी तशी थरथर दारावरून पसरते आणि सळसळ ऐकू येते. गांधीलमाशी तरीही उतरली तर शेकडो माश्या तिला गोळ्यात धरतात आणि स्नायू थरथरवून आतली उष्णता ४५ अंशांच्या वर नेतात. त्यात ती मरते. डंखाने नाही, उकाड्याने. ज्या पेटीत ही लाट उठत नाही, माश्या नुसत्या आत पळतात, तिच्यात मोठ्या वयाच्या माश्या कमी आहेत. दार लहान करा, शेवटी आसपासचे गांधीलमाश्यांचे घरटे शोधावेच लागते.

शेवटी जमिनीकडे पाहा. रोज थोड्या माश्या मरतातच आणि कामकरी त्यांना ओढत नेऊन लांब टाकतात, त्यामुळे दाराखाली फारसे काही दिसायला नको. जीभ बाहेर काढून मेलेल्या, थरथरणाऱ्या, गोल फिरणाऱ्या माश्यांचा खच पडला असेल तर ती फवारणी आहे. शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. फुलावर आलेल्या पिकावर फवारू नये, अगदीच टळत नसेल तर सूर्यास्तानंतर फवारावे, ही विनंती वेळीच केली तर बहुतेक लोक ऐकतात. पांढरे, अर्धवट वाढलेले कोष बाहेर टाकलेले दिसले तर आत भूक आहे, मेणकिडा (पोळे खाणारी पतंगाची अळी) आहे किंवा पिलावा गारठला आहे. उपासमारीत कामकरी नरांचा पिलावा आधी उपसतात, तेव्हा टाकलेल्या कोषांचे डोळे मोठे, एकमेकांना भिडलेले दिसले तर भूक हेच कारण धरा.

पेटी उघडताना

स्मोकरमध्ये (धूर सोडायच्या डब्यात) सुकी गोवरी, नारळाचा काथ्या किंवा तागाच्या पोत्याचा तुकडा घाला. धूर गार आणि पांढरा हवा, हाताच्या पाठीवर सोडून पाहा. दारात दोन फुंकी, एक मिनिट थांबा, झाकण तिरके करून एक फुंकी. बस. सातेरीला मेलिफेराइतका धूर दिलात तर माश्या पोळे सोडून पळतात, कोपऱ्यात लोंबकळतात आणि पुढची पाहणी वाया जाते. कुठे डंख बसला तर नांगी चिमटीत धरू नका, नखाने खरवडून काढा आणि त्या जागी धूर सोडा. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतर माश्यांना बोलावतो. अंगभर गांधी उठल्या, श्वास अडखळला किंवा चक्कर आली तर पेटी तशीच सोडून लगेच दवाखाना गाठा.

कडेची फ्रेम आधी काढून बाजूला उभी ठेवा, म्हणजे मधल्या फ्रेम घासटल्याशिवाय उचलता येतात. फ्रेम नेहमी पेटीच्या वरच धरा. राणी पडलीच तर पेटीत पडेल. आठ-दहा मिनिटांत काम संपवा.

मधल्या दोन-तीन फ्रेम पाहिल्या तरी पुरते. सूर्य पाठीमागे घेऊन घरांच्या तळाशी पाहा. अंडे उभे असेल तर ते आजचे, तिरके असेल तर कालचे, आडवे पडलेले असेल तर परवाचे. एकही उभे अंडे दिसले तर गेल्या चोवीस तासांत राणी इथे होती. शोध संपला.

आता अळीकडे या. ही गोष्ट डोळे अगदी जवळ नेऊनच पाहावी लागते. दोन दिवसांची अळी घराच्या तळाशी स्वल्पविरामासारखी वळलेली असते. पेटी सशक्त असेल तर ती पांढऱ्या, चमकदार रसाच्या थेंबात अक्षरशः तरंगत असते. फ्रेम तिरकी केली की रसावर उजेड लखलखतो. हा थेंब म्हणजे दाई माश्या पुरेशा आहेत आणि परागही आहे. अळी कोरड्या तळाला चिकटलेली असेल, रस नावालाच असेल, तर मध कितीही भरलेला असू दे, पेटी उपाशी आहे. पंधरवड्याने तिचा जोर उतरणार. पूर्ण पेटीत एकच खूण पाहायला वेळ असेल तर ही पाहा.

मग प्रमाण. अंडी तीन दिवस, अळी पाच दिवस, कोष अकरा दिवस. राणी रोज सारखीच अंडी घालत असेल तर एका भाग अंड्यांमागे जेमतेम दोन भाग अळ्या आणि साडेतीन-चार भाग झाकलेला पिलावा दिसायला हवा. अंडी यापेक्षा जास्त असतील तर पेटी चढती आहे. झाकलेला पिलावा भरपूर आणि अंडी तुरळक असतील तर आज पेटी भरलेली दिसते, पण ती उतरणीला लागली आहे. फसगत होते ती इथेच, कारण माश्यांची गर्दी पाहून सगळे खूश असतात.

आकडा हवा असेल तर तळहाताने मोजा. सातेरीच्या पोळ्यात एका चौरस इंचात सुमारे ४० घरे असतात. बोटे सोडून नुसता तळहात झाकला जाईल तेवढ्या जागेत साडेचारशेच्या आसपास. दोन्ही बाजू धरून झाकलेला पिलावा दहा तळहात भरला तर साडेचार हजार कोष झाले. ते अकरा दिवसांत जमलेले, म्हणजे राणी दिवसाला चारशेच्या घरात अंडी घालते आहे. सातेरीसाठी हे चांगले काम आहे.

झाकणेही बोलतात. कामकरी माशीच्या कोषाचे झाकण जवळजवळ सपाट. नराचे उंच, टोकदार आणि सातेरीत त्याच्या शेंड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक भोक असते. ते भोक रोगाचे नाही, घाबरू नका. मोसमात पोळ्याच्या खालच्या कडेला नरांची घरे असणे योग्यच. ती वाढली, पेटी खचाखच भरली आणि त्याच कडेला शेंगदाण्यासारखी लोंबणारी राणीची घरे दिसली तर पेटी फुटण्याआधी तिची दोन पेट्यांत विभागणी करा.

कामकरी अंडी घालू लागल्या तर

सातेरी पाळणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान यात होते, म्हणून जरा सविस्तर.

राणीचा आणि पिलाव्याचा वास असेपर्यंत कामकरी माश्यांचे अंडाशय दबलेले राहते. राणी मेली आणि नवी करण्यासारखी कोवळी अळीही उरली नाही की काही कामकरी स्वतः अंडी घालू लागतात. मेलिफेरात याला सुमारे तीन आठवडे लागतात. सातेरीत आठवडाभरातही सुरुवात होते. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे सातेरीत चालत नाही. या अंड्यांना नराचे बीज मिळालेले नसते, म्हणून त्यातून नुसते नर निघतात. चाळीस दिवसांची साखळी तिथे तुटते.

खुणा अशा: एका घरात तीन-चार किंवा जास्त अंडी, अंडी तळाच्या मध्यावर नसून भिंतीला चिकटलेली, कारण कामकरी माशीचे पोट तळापर्यंत पोचत नाही, कामकरी माश्यांच्या लहान घरांवर उंच नरी झाकणे, तीही विस्कटलेली, पेटीतल्या माश्या काळ्या आणि गुळगुळीत, लवदार माशी शोधून सापडत नाही. नवी राणीही पहिले काही दिवस कधीकधी एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशी असतात. तेवढ्यावरून घाई करू नका.

नुसता संशय असेल तर चाचणी घ्या. दुसऱ्या निरोगी पेटीतली अंडी आणि एक-दोन दिवसांच्या अळ्या असलेली फ्रेम, तिच्यावरच्या माश्या झटकून, या पेटीच्या मध्यभागी ठेवा. फ्रेमवर तारीख लिहा. ७२ तासांनी उघडा. राणीची घरे सुरू झाली असतील तर पेटी बिनराणीची आहे, पण अजून सावरू शकते. तशीच राहू द्या. काहीच केले नसेल आणि साधी अंडी नीट वाढत असतील तर राणी आतच आहे, बहुधा नवी, अजून मिलनाला न गेलेली. काहीच केले नाही, उलट अळ्या बाहेर काढल्या आणि भिंतीवरची अंडी वाढली, तर कामकरींचा अंमल बसला आहे.

अशा पेटीला नवी राणी दिली तर बहुतेक वेळा मारतात. माश्या लांब नेऊन झटकाव्यात, अंडी घालणाऱ्या परत येत नाहीत, हा उपाय ऐकायला सोपा आहे, पण त्या उडतात आणि परतही येतात. दोनच वाटा खात्रीच्या आहेत. माश्या तीन-चार फ्रेम झाकण्याइतक्या असतील तर चार-पाच दिवसांच्या अंतराने कोवळ्या पिलाव्याची एकेक फ्रेम तीनदा द्या. पिलाव्याच्या वासाने कामकरींचे अंडाशय दबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या राणीचे घर धरतात. पण हिशोब करा: त्या राणीला निघून, मिलन होऊन, अंडी घालायला तीन-चार आठवडे, त्यापुढे पहिली माशी निघायला वीस दिवस. आज आहेत त्या माश्या तोवर जगणार आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी वाट धरा, म्हणजे सशक्त पेटीत मिसळा.

मिसळताना दुबळी पेटी रोज फूटभर सरकवत सशक्त पेटीशेजारी आणा. सशक्त पेटीतल्या राणीला पिंजऱ्यात घालून मधल्या फ्रेमवर ठेवा. संध्याकाळी त्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून टाचणीने दहा-बारा भोके पाडा आणि वर दुबळ्या पेटीची कोठी ठेवा. माश्या कागद कुरतडतात तोवर वास एक होतो. दोन-तीन दिवसांनी कागदाचा भुगा दाराबाहेर आला की वरच्या फ्रेम तपासा, नरांच्या पिलाव्याची पोळी काढून वितळवा आणि राणी मोकळी करा.

पावसाळा आणि पेटी रिकामी होण्याची भीती

मेलिफेरा उपाशी मरते, पण घर सहसा सोडत नाही. सातेरी सोडते. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सलग पावसात चराई बंद असते आणि आधी काळजी घेतली नाही तर एका उघडीच्या दिवशी पेटी रिकामी सापडते. मात्र ती आठवडा-दोन आठवडे आधी सांगते. राणी अंडी घालणे थांबवते, उघडा पिलावा दिसेनासा होतो, मध संपत येतो, कामकरी जुनी पोळी कुरतडू लागतात आणि तळफळीवर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, मेणाचा भुगा साचतो. शेवटचे कोष फुटण्याची तेवढी त्या वाट पाहत असतात.

या टप्प्यावर घट्ट पाक द्या: दोन भाग साखर, एक भाग पाणी. दमट हवेत पातळ पाक आटवताना माश्यांची शक्ती नाहक जाते. आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर एका पेटीला पुरते. गूळ देऊ नका, माश्यांना हगवण लागते. बाहेरचा मधही देऊ नका, त्यातून रोग येतात. दुसऱ्या पेटीतली उघड्या पिलाव्याची एक फ्रेम मिळाली तर फारच उत्तम. पिलावा असलेले घर कामकरी सहजासहजी सोडत नाहीत. माश्या झाकतील तेवढ्याच फ्रेम आत ठेवा, बाकीच्या काढा. न झाकलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. दर आठ-दहा दिवसांनी तळफळी खरवडून स्वच्छ करा आणि मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

अळ्या घरात पाठीवर ताठ पडून, डोके होडीच्या टोकासारखे वर उचलून मेलेल्या असतील आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारख्या निघत असतील तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग आहे. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या पेट्या याने मोठ्या प्रमाणावर संपवल्या. यावर औषध नाही. त्या पेटीतली फ्रेम दुसरीकडे देऊ नका, हात आणि अवजारे धुवा, राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलाव्याची साखळी तोडा. मेलेल्या अळ्या भराभर उपसणाऱ्या कामकरी ज्या पेटीत आहेत, तीच पेटी यातून वाचते. पुढच्या राण्या तिच्यापासून करा. खात्री करून घ्यायची असेल तर महाबळेश्वरचे मध संचालनालय किंवा १९६२ पासून पुण्यात असलेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे विचारा.

मध कधी काढावा

मकरंदात सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणी असू शकते. कामकरी तो तोंडावर थेंब धरून, पुन्हा गिळून, पंखांनी वारा घालून आटवतात आणि तयार झाला की मेणाने झाकतात. त्यांनी झाकला नाही तो मध तयार नाही, तो काढला तर आंबतो. मधकोठीतल्या फ्रेमची किमान तीन चतुर्थांश घरे झाकली गेल्यावरच हात लावा. उरलेल्या उघड्या घरांची परीक्षा सोपी आहे: फ्रेम आडवी धरून हिसका द्या, थेंब उडाले तर परत ठेवा. पिलाव्याच्या कोठीतल्या कडांचा मध घेऊ नका. तो जून-जुलैतल्या दाई माश्यांचा आहे.

प्रत्येक पाहणीनंतर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पाच गोष्टी लिहा: तारीख, पाच मिनिटांत आलेल्या परागाच्या माश्या, उभे अंडे दिसले की नाही, अळीखाली रस होता की कोरडे होते आणि झाकलेला पिलावा किती तळहात. खाली चाळीस दिवसांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी आज पाहिलेली अंडी चराईला निघालेली असतील.